टॉर्चची जागा

"हलू नकोस," आप्पा म्हणाले. "आहेस तिथेच उभी राहा."

वीज नुकतीच गेली होती. चहाचा कप घेऊन मी दुकानाच्या आतल्या दारात आले होते. एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. कामाच्या टेबलाशी बसलेल्या आप्पांची वाकलेली पाठ तेवढी अंधुक दिसत होती.

"काय पडलं?"

"स्क्रू. चिमट्यात होता. लाइट गेली आणि मी दचकलो."

"काडेपेटी?"

"इथेच होती. काडेपेटी या घरात कधी जागेवर असते का? तू आलीस तशी मागे जा. पुढे पाऊल टाकू नकोस."

मी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली आणि मेणबत्ती लावून फरशीजवळ धरली. आप्पा शहाबादी फरशीवर गुडघे टेकून, गाल जवळजवळ जमिनीला लावून शोधत होते. त्यांना तेव्हा एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. दहाएक मिनिटांनी ते टेबलाचा पाय धरून उठले.

"फटीत गेला. या फरशीखाली एक सबंध घड्याळ जोडता येईल इतका माल पडलाय, शैलजा. चाळीस वर्षांचा."

मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. फरशी नीट दिसावी म्हणून मी मेणबत्ती कलती केली होती, आणि तिचा एक थेंब उघड्या घड्याळात पडला होता. भिंग डोळ्याला लावून त्यांनी एकदा आत पाहिलं आणि घड्याळावर काचेची वाटी उपडी घातली.

"आता आठनंतर," ते म्हणाले. "दे तो चहा."

आप्पा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक डहाळे. बार्शीत आमच्या घराच्या पुढल्या खोलीतच त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ही २००७ सालच्या जानेवारीतली गोष्ट. भारनियमनाच्या वेळा तेव्हा बदलत असत. त्या हंगामात संध्याकाळी साडेपाच ते आठ वीज नसे. दुकान अरुंद आणि खोल होतं, त्यामुळे रस्त्यावरचा उजेड टेबलापर्यंत पोचत नसे. गिऱ्हाइकं मात्र नेमकी त्याच वेळेला येत.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते. माझा नवरा सुहास दोन वर्षांपासून पुण्याला नोकरीला होता आणि शनिवारी रात्री येऊन रविवारी रात्री परते. घरात आप्पा, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी मुक्ता. सासूबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मेणाचा तो थेंब माझ्या मनाला लागून राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी आप्पांसाठी दिवा शोधू लागले. त्यांच्या अटी तीन होत्या. दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत, उजेड हलता कामा नये, आणि अंधार झाल्यावर तो शोधावा लागता कामा नये. तिसऱ्या अटीवर त्यांचा विशेष भर होता. "अंधारात दिवा शोधायला दुसरा दिवा लागत असेल," ते म्हणत, "तर पहिला काय कामाचा?"

चार्जिंगचा दिवा आणला, तो टेबलाची निम्मी जागा खाई. डोक्याला पट्ट्याने बांधायचा दिवा आणला, तर त्याची कड भिंगावर आपटू लागली. "खाणीत उतरल्यासारखं वाटतं," असं म्हणून आप्पांनी तो मुक्ताला खेळायला देऊन टाकला. संक्रांतीनंतर एका प्रशिक्षणासाठी मी सोलापूरला गेले, तेव्हा स्टँडजवळच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मला तो टॉर्च दिसला. वीतभर लांब, काळ्या रबराचा, पाठीला एक फिरता हूक.

"हे मेकॅनिक लोक नेतात, मॅडम," दुकानदार म्हणाला. "बॉनेटखाली चिकटवायचं आणि दोन्ही हातांनी काम करायचं. बुडाला चुंबक आहे. हे बघा."

त्याने टॉर्च दुकानाच्या शटरला लावला आणि शटर गदागदा हलवलं. टॉर्च जागचा ढळला नाही.

"पण दिसत नाही चुंबक."

"रबराच्या आतून आहे. घरात फ्रिजला लावून ठेवा. लाइट गेली की हात थेट तिथंच जाणार."

थेट तिथंच, हे मला पटलं. मी टॉर्च घेतला.

आप्पांनी तो दोन्ही अंगांनी पाहिला, लावला, विझवला. हूक त्यांना आवडला. टेबलाच्या वर त्यांनी एक तार ताणून घेतली आणि त्या तारेला टॉर्च अडकवला की उजेड बरोबर हातांवर पडू लागला. राहिली जागा. आतल्या दारालगत पत्र्याचं एक कपाट होतं, छोट्या खणांचं. मी घरातून दुकानात येई तेव्हा माझा उजवा हात आपोआप त्याच्या सर्वांत वरच्या खणापाशी पोचे. त्या खणाच्या पत्र्यावर मी टॉर्च लावला. हूक खणाच्या कडीवर टेकला, बूड पत्र्याला टक् करून बसलं. टेबलावरून पाहणाऱ्याला टॉर्च कडीला टांगलाय असंच वाटलं असतं. चुंबकाची गोष्ट मी आप्पांपासून लपवली नव्हती. सांगण्यासारखी वाटली नाही, एवढंच.

मग तो आमचा रोजचा परिपाठ झाला. वीज गेली की मी टॉर्च काढून तारेला अडकवी. वीज आली की आप्पा म्हणत, "बॅटरी जागेवर ठेव," आणि मी तो परत खणावर लावी. टॉर्चला ते शेवटपर्यंत बॅटरीच म्हणत.

वरच्या त्या खणात तयार घड्याळं असत. आप्पांची पद्धत अशी होती की दुरुस्त केलेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. टेबलामागच्या लाकडी पट्टीवर ते तीन दिवस टांगायचं, रोज सकाळी आकाशवाणीच्या ठोक्याला ताडून पाहायचं, आणि तिन्ही दिवस बरोबर राहिलं तरच वरच्या खणात ठेवायचं. खणातलं घड्याळ पुन्हा तपासायची त्यांना गरज नसे. परत आलेलं काम त्यांच्या दुकानात क्वचितच कुणी पाहिलं होतं.

जानेवारीच्या अखेरीस बँकेतले शिरसाट त्यांचं घड्याळ परत घेऊन आले.

"दिवसाला दहा मिनिटं पुढे पळतंय, आप्पा. म्हटलं, माझ्यापेक्षा यालाच रिटायर व्हायची घाई."

आप्पा हसले. त्यांनी घड्याळ उघडलं, काटा मागे घेतला, पुन्हा तीन दिवस टांगलं. आठ दिवसांनी शाळेतल्या लिमये बाई आल्या. त्यांचंही पुढे पळत होतं. या वेळी आप्पा हसले नाहीत. त्यांनी स्वतःचे हात उजेडात धरून उलटसुलट पाहिले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला चूक दिसली की ती आधी स्वतःत शोधायची सवय लागलेली असते, हे मला आता कळतं.

त्या शनिवारी जेवताना सुहासने विषय काढला. तो नवा नव्हता.

"आप्पा, दुकानाचं काही ठरवायला हवं."

"काय ठरवायचं?"

"डिसेंबरात चक्कर आली तुम्हाला. शैला कॉलेजात होती. शेजारच्यांनी उचलून आत आणलं."

"मग? आणलं ना?"

"रोज कोण आणणार?"

"तुम्ही तिघं एकत्र राहा पुण्याला. मी कुठे अडवलंय? मी राहीन इथे."

"तुम्हाला एकटं ठेवून आम्ही जाणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे," सुहास म्हणाला.

आप्पांनी भाताची मूद फोडली आणि बराच वेळ ते नुसतं वरण कालवत राहिले.

"माझा हात चालतोय तोवर दुकान राहील, असं मी तुझ्या आईला म्हटलं होतं," ते म्हणाले. "या पंधरवड्यात दोन परत आली. तिसरं आलं तर शटर मी स्वतः ओढीन. तुला बोलायची वेळ येणार नाही. चालेल?"

"मी असं म्हटलं नाही."

"मी म्हणतोय."

सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी मुक्ताच्या पानात भाजी वाढत होते. माझ्या पर्समध्ये तेव्हा पुण्यातल्या एका महाविद्यालयाचं पत्र होतं. कायम जागा, रुजू होण्याची तारीख पंधरा जून, होकार फेब्रुवारी संपायच्या आत कळवायचा. आप्पांवर दडपण नको म्हणून ते पत्र आम्ही त्यांना दाखवलं नव्हतं. आप्पा येणार नसतील तर मी नकार कळवणार, हे आमचं ठरलं होतं. ते ठरवताना मी शांत होते. नंतर स्नानघरात नळ सोडून रडले होते, ते सुहासला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. दंडचुंबकाच्या क्षेत्ररेषा काढण्याचं. हे प्रात्यक्षिक मी तेरा वर्षं घेत होते आणि त्याची सुरुवात दर वर्षी एकाच वाक्याने होई.

"मनगटावरची घड्याळं काढा आणि त्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवा."

"का, मॅडम?" पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"आत पोलादाची बारीक स्प्रिंग असते. चुंबकाजवळ राहिली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. मग घड्याळ पुढे पळायला लागतं."

वाक्य संपलं तेव्हा मी माझ्या घड्याळाचा पट्टा सोडत होते. तो अर्धवट सुटलेला तसाच राहिला. मुलं कागदावर चुंबकाची कड आखत होती. कुणीतरी विचारलं, "मॅडम, सुई कुठे ठेवायची?" आणि मी सांगितलं कुठे ठेवायची. प्रात्यक्षिक पूर्ण झालं. मी सतरा वह्यांवर सह्या केल्या.

घरी येताना मी आप्पांना कसं सांगायचं याचा विचार केला. ते अवघड नव्हतं. "आप्पा, चूक माझी आहे, तुमच्या हातांत काही नाही," एवढंच म्हणायचं होतं. त्यांना केवढा आनंद झाला असता, याची मला पूर्ण कल्पना होती.

साडेपाचला वीज गेली. मी टॉर्च काढून तारेला अडकवला. आप्पांसमोर तांबोळींचं घड्याळ होतं. इब्राहिम तांबोळी अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेचे निवृत्त गार्ड. नोकरीभर वापरलेलं ते चावीचं घड्याळ ते दर वर्षी फेब्रुवारीत साफ करायला आणून देत आणि तेवढे दिवस मनगट रिकामं ठेवत. दुसरं घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही.

"तीन दिवस झाले. ठोक्याला ठोका," आप्पा म्हणाले. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं. गेल्या पंधरा दिवसांत मी त्यांना इतकं निवांत पाहिलं नव्हतं. "हे ऐक."

मी ऐकलं.

"तांबोळी लातूरला गेलाय लेकीकडे. रविवारी येईल. हे काही परत येत नाही बघ, शैलजा. सुहासला म्हणावं, अजून थोडी कळ काढ."

ते उठले, त्यांनी वरचा खण ओढला, घड्याळ आत पुढल्या बाजूला ठेवलं आणि खण सारला. मी बाजूला उभी होते.

"आप्पा," मी म्हणाले.

"काय?"

"चहा टाकू?"

"टाक."

आठ वाजता वीज आली. आप्पा भिंग पुसत होते. "बॅटरी जागेवर ठेव," ते म्हणाले.

मी टॉर्च तारेवरून काढला. स्वयंपाकघरात फ्रिज होता. खिडकीला लाकडी चौकट होती, तिच्यात खिळा होता. दुकानदाराने सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, आणि तेरा वर्षं मी जे शिकवत होते तेही. मी काही ठरवून केलं नाही, सवयीने हात तिकडे गेला, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. मी कपाटापाशी थांबले होते. खणाच्या पत्र्यापासून टॉर्च चार बोटांवर धरून मी किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही, पण मधे मुक्ता पाणी प्यायला येऊन गेली, एवढा वेळ. मग तो टक् असा आवाज झाला.

तांबोळींनी घड्याळ रविवारी सकाळी नेलं. त्यानंतरच्या रविवारी अकराच्या सुमाराला ते परत आले. सुहास मुक्ताला घेऊन भाजी आणायला गेला होता. मी दुकानातल्या काचा पुसत होते.

"या, गार्डसाहेब," आप्पा म्हणाले. "बसा. आज इकडे कसे?"

तांबोळी बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलू लागले. लातूरचं पाणी, लेकीची मुलं, नव्या रुळांचं काम. मनगट रिकामं होतं. ते आप्पांच्याही लक्षात आलं असावं, कारण हातातला चिमटा त्यांनी हळूच खाली ठेवला.

"घड्याळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

तांबोळींनी खिशातून रुमालाची घडी काढली.

"आप्पासाहेब, रागावू नका. बघून टाका जरा. काही विशेष नाही."

"किती?"

"पंधरा-वीस मिनिटं असेल."

"आठवड्याला?"

"रोज," तांबोळी म्हणाले, आणि लगेच त्यांनी विषय हलका केला. "एकतीस वर्षं गाडीत गेली आमची. गाडी लेट असायची, गार्ड कधी नाही. आता पहिल्यांदा गार्ड गाडीच्या आधी पोचायला लागला. घरात हसतात, सूनबाई. पहाटे फजरच्या नमाजाला मशिदीत मी एकटाच. कुलूप उघडायच्या आधी."

मी हसले नाही. आप्पांनी घड्याळ उघडलं आणि भिंग लावलं. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिचा आवाज पार ऐकू येईनासा होईपर्यंत ते वाकलेलेच होते. नंतर त्यांनी मान वर केली. ते तांबोळींकडे पाहत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते कपाटाकडे पाहत होते.

"शैलजा," ते म्हणाले, "तांबोळींना चहा टाक. आलं घालून. सावकाश कर."

मी आत गेले. आलं किसताना मला खालचा खण ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने एक बारीक गुणगुण. वीज होती, त्यामुळे मला वाटलं पंखा असेल. चहा घेऊन मी आले तेव्हा टेबलाच्या कडेला एक जुनी लाकडी पेटी झाकण लावून ठेवलेली होती आणि आप्पा तांबोळींच्या मनगटावर घड्याळ बांधत होते.

"आता चुकणार नाही," ते म्हणाले. "पण इब्राहिमभाई, यापुढे दुसरा कारागीर बघा. माझा हात गेला."

"काय बोलता? एवढ्यानं?"

"तिसरं आहे हे. वय झालं. बोट थरथरतं, मला कळतंसुद्धा नाही. लोकांची घड्याळं बिघडवण्यापेक्षा बंद केलेलं बरं."

तांबोळींनी चहा घेतला नाही. कप तसाच राहिला. "एकतीस वर्षं तुमचं घड्याळ बघून आम्ही गाडी सोडली," ते म्हणाले. जाताना ते दारात थांबले, मागे वळले, आणि टोपी घालून निघून गेले.

दुकानात आम्ही दोघं उरलो. बोलायचं तर ती वेळ होती. बुधवारी मी गप्प राहिले त्याला निदान अंधाराचं कारण देता आलं असतं. आता लख्ख ऊन होतं, आणि माझ्या हातात काचा पुसायचं फडकं होतं.

"सुहास आला की सांग त्याला," आप्पा म्हणाले. "मे महिन्यात आवरू. दहा जूनच्या आत पुण्याला पोचलं पाहिजे, नाही का?"

"इतकी घाई नाही, आप्पा."

"पावसाच्या आत गेलेलं बरं."

मला वाटलं, ते पावसाचंच बोलताहेत.

सोमवारी मी पुण्याला होकार कळवला. त्या आठवड्यात आप्पांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. संक्रांतीनंतर ज्यांची ज्यांची घड्याळं त्यांनी दिली होती त्या सगळ्यांकडे ते स्वतः गेले. अकरा घरं होती. काहींची तक्रारही नव्हती. "जाण्याआधी एकदा तपासून देतो," असं सांगून त्यांनी घड्याळं गोळा करून आणली आणि दोन-दोन दिवसांनी परत नेऊन दिली. तयार घड्याळंही त्यांनी कपाटातून काढून माजघरातल्या लाकडी फडताळात ठेवली. दुकान आवरायचंच आहे तर इथपासून सुरुवात, असं ते म्हणाले. त्यांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला आहे, असं मी समजले, आणि ते दिवस मी मान खाली घालून काढले.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. डहाळ्यांचा हात गेला. लोक हळहळत, वाण्याच्या दुकानात, बँकेत, शाळेत मला थांबवून विचारत. आप्पांना विचारलं की ते दोन्ही हात पुढे करून दाखवत. "काय करणार, झालं." हात अजिबात थरथरत नसत. ते कुणी नीट पाहत नसे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो आला. पत्र्याचं कपाट, खुर्च्या, काचेची पेटी हमालांनी आधी चढवली. शेवटी कामाचं टेबल. ते उचललं तशी त्याखालची फरशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोकळी झाली. चार फरश्यांच्या मधल्या फटी काळ्या मातीने भरलेल्या होत्या.

"बॅटरी आण," आप्पा म्हणाले.

दुपारची वेळ होती. शटर पूर्ण वर होतं, आत भरपूर उजेड होता. तरी मी आतून टॉर्च आणून दिला. आप्पा गुडघ्यांवर बसले. टॉर्च त्यांनी लावला नाही. तो उलटा केला आणि त्याचं बूड फटीवरून अगदी सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत नेलं.

मातीतून स्क्रू वर येऊ लागले. आधी एक, मग चार-पाच एकदम. तांदळाच्या कणीहून बारीक, गंजलेले, काही अजून चकचकीत. रबरावर ते उभेच्या उभे चिकटत होते. आप्पांनी बोटाने ते एका कागदावर काढले, आणि पुन्हा दुसरी फट धरली. त्यांची बोटं सुईसारखी स्थिर होती.

त्या रविवारी ऐकलेली गुणगुण पंख्याची नव्हती. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की घड्याळात शिरलेलं चुंबकत्व निघून जातं. तशी वेटोळी आमच्या प्रयोगशाळेतही होती. टेबलावरच्या लाकडी पेटीत तसंच वेटोळं होतं. मग अकरा घरं, फडताळ, दहा जून, माझ्या पर्समधलं पत्र हे सगळं एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसलं.

"चांगली ओढ आहे हिला," आप्पा म्हणाले.

"हो."

"कुठून आणलीस म्हणालीस?"

"सोलापूरहून. मोटारींच्या दुकानातून."

"तरीच."

त्यांनी कागदाची पुडी बांधली. मी त्यांना उठायला हात दिला. तो त्यांनी घेतला आणि उठल्यावरही क्षणभर सोडला नाही.

"आप्पा, मी त्या बुधवारी..."

"पुण्याला ही फ्रिजला लाव," ते म्हणाले. "अंधारात हात थेट जाईल. तिथे काही अडचण नाही. तिथे घड्याळं नसतील."

त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि शटर ओढायला बाहेर गेले. सुहास मदतीला धावला, तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

आप्पा पुण्यात आमच्याकडे सात वर्षं होते. बार्शीचं कुणी भेटलं की दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. मी शेजारी उभी असायची. टॉर्च अजून फ्रिजला आहे. वीज आता फारशी जात नाही. बुडाच्या कडेला त्या दिवशी एक स्क्रू चिकटून राहिला होता. तो मी काढलेला नाही.